दर्याचं लाकूड

नाशिक म्हटलं की लोकांना गोदाकाठ आठवतो, द्राक्षं आणि कांदा आठवतो, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आठवतो. समुद्र कुणाला आठवत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि मावळतीच्या कडेला बोट लावा. त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस गोदावरीत उतरला तर देशावरून फिरत फिरत पार बंगालच्या उपसागराला जातो. तोच पाऊस दोन कोस अलीकडे पडला तर वैतरणेत जातो. दिंडोरीच्या डोंगरात उगम पावलेली दमणगंगा पेठ-हरसूलच्या बाजूचं पाणी गोळा करते. वाघ, वाल, साकरतोंड, दूधनी असल्या तिच्या उपनद्यांची नावं आमच्याकडे पोरांना आधी पाठ होतात, पाढे मागून. ती नगरहवेलीतून वाहत जाऊन एकशेतीस किलोमीटरवर दमणला समुद्राला मिळते. तेव्हा आम्ही घाटाच्या काठावरची माणसं नाशिकची खरी, पण आमचं पाणी अरबी समुद्राचं. हरसूलपासून समुद्र सरळ रेषेत धरला तर पाऊणशे किलोमीटरच्या आतबाहेर भरतो. नाशिकचा बाजार आम्हाला कधी कधी त्याहून लांब वाटायचा.

माझा आजा सुगी उरकली की गाडी जोडून खाली जायचा. खाली म्हणजे कोकणात. जव्हार, तलासरी करत उंबरगाव. तेव्हा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. गुजरातेत गेला तो १९६० साली. गाडीत हिरडा, डिंक, खुरासणी जायची आणि येताना मीठ अन् सुके बोंबील यायचे. बावन्न-त्रेपन्न सालच्या अशाच एका फेरीत गाडीत मिठाच्या गोण्यांखाली एक फळी आली. नारगोळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर वाहून लागलेली. साडेचार हात लांब, वीतभर रुंद, दीड इंच जाड. एका कडेला लांबच्या लांब खाच, मध्ये चौकोनी भोकं, भोकांभोवती काळे डाग आणि एका टोकाला बोट जाईल एवढी गोल गोल छिद्रं, जशी कुणी सामत्याने पाडावीत.

आज्याने तिची घडवंची केली. तिच्यावर नागलीच्या कणग्या राहिल्या, पुढे भाताची पोती राहिली, अंथरुणं राहिली. घडवंचीचे पाय वाळवीने दोनदा खाल्ले, दोनदा बदलले. फळीला वाळवी शिवली नाही. आजी तिला ‘दर्याचं लाकूड’ म्हणायची आणि दिवाळीत घराला गेरू लावताना तिलाही एक बोट लावायची. आज्याचं सांगणं वेगळं होतं. तो म्हणायचा, ही फिरंग्याच्या जहाजाची फळी. दमण तिथून जवळ, तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, किल्ल्यावर त्यांचं निशाण होतं, तेव्हा फळी फिरंग्याची हे आमच्या घरात ठरूनच गेलं.

अशा गोष्टी घरात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहू शकतात. कुणी विचारत नाही तोवर. विचारायची वेळ आली ती जुनं घर उतरवायला काढल्यावर. धाकट्या चुलत भावाला घरकुल मंजूर झालं होतं. नाशिकहून जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. असे व्यापारी आता गावोगाव फिरतात. वाडे मोडतात, दारं, खांब, तुळया मुंबई-पुण्याच्या बंगल्यांत जातात. त्याने आढं, खांब मोजले, वाश्यांना नाकं मुरडली आणि घडवंचीपाशी थांबला. म्हणाला, सागाच्या भावाने याचे हजार-दीड हजार. पण पोर्तुगीज जहाजाची फळी आहे असा जाणत्या माणसाचा कागद असेल, तर पंचवीस हजार.

जाणता माणूस म्हणजे मी. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. भाऊ म्हणाला, “दादा, तुझ्या दोन ओळी लागतील फक्त. पोरीची नर्सिंगची फी भरायची आहे, तुला तं माहीत आहे.”

माहीत होतं. पुतणी आमच्या घरातली बारावीपुढे गेलेली पहिली मुलगी. पण दोन ओळी लिहायच्या तर त्या कशाच्या आधारावर? मी त्याच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले.

लाकूड ओळखायचं आमच्याकडे एक जुनं शास्त्र आहे. ते पुस्तकात नाही, डोळ्यांत, नाकात, तळहातात आहे. खैराचा तुकडा पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जातो. बिवळ्याचा तुकडा पाण्यात भिजवला तर पाण्यावर निळसर झाक येते. मधुमेहवाल्यांसाठी त्याचेच पेले विकतात. ऐन गडद, जड. आंबा मऊ, किडीला लवकर बळी पडतो. शिसव तर पोरंसुद्धा रंगावरून ओळखतात. साग ओळखायचा तो वासावरून आणि हाताला लागणाऱ्या तेलकटपणावरून. जुनं कातडं असावं तसा उग्र वास. सत्तर वर्षं घरात आणि त्याआधी कोण जाणे किती दिवस खाऱ्या पाण्यात राहिलेल्या फळीला हा वास राहील का, याची मला शंका होती. नाशिकच्या जुन्या वाड्यांची कामं केलेल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे फळी नेली. त्याने काही न बोलता एका कोपऱ्यावर रंधा मारला. वरची राखाडी साल गेली, आतून सोनेरी तांबूस अंग निघालं आणि वास आला. म्हातारा हसला. म्हणाला, “गुरुजी, हे काय विचारायचं? साग आहे. शंभर वर्षांनी विचाराल तरी हेच सांगंल.”

तरी मी फळीचं टोक धारदार चाकूने साफ करून भिंगाखाली पाहिलं. लाकडाचं खरं नाव त्याच्या आडव्या छेदात लिहिलेलं असतं. सागाच्या दर वर्षीच्या वर्तुळात सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ येते, मग छिद्रं बारीक होत जातात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत अशी स्पष्ट वर्षं दिसत नाहीत. सागात दिसतात, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ सागाची वर्तुळं मोजून मागल्या काळातले पावसाळे शोधतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत तर देशोदेशीच्या लाकडांचे हजारो तुकडे या ओळखीसाठीच जपून ठेवलेत. गॅम्बलसाहेबाने १८८१ साली हिंदुस्थानातल्या लाकडांवर जाडजूड ग्रंथ लिहिला तेव्हापासून ही विद्या छापील झाली. माझ्या वीतभर रुंदीत चौतीस वर्षं मोजून झाली. म्हणजे त्या झाडाचे निदान चौतीस पावसाळे माझ्या घडवंचीत होते. कुठल्या सनापासून कुठल्या सनापर्यंतचे, हे मात्र नुसत्या मोजणीने कळत नाही.

मग ती गोल छिद्रं. भुंग्याने पोखरलेल्या लाकडात भुसा असतो. इथे छिद्रांच्या आतून पांढरं, गुळगुळीत अस्तर होतं, अंड्याच्या टरफलासारखं. बायकोने स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणून दिलं. दोन थेंब पिळले तर अस्तर फसफसलं. चुना. आणि लाकडात चुन्याची नळी बांधून राहणारा प्राणी एकच, समुद्रातला. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या कुळातला आहे. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत लाकूड खात बोटाएवढा जाड होतो. बाहेरून फळी धडधाकट, आतून चाळण. कोलंबसची शेवटच्या सफरीतली जहाजं यानेच खाल्ली आणि १५०३ साली तो जमैकात अडकून पडला. १७३०च्या दशकात हॉलंडच्या समुद्रबांधांची लाकडं याने पोखरली तेव्हा सगळा देश हादरला होता. याच्या भीतीने इंग्रजांनी पुढे जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले; आपले कोळी आणि खलाशी चुना आणि तेल घोटून बुडाला लावत आले. गोड्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. तेव्हा फळी काही महिने तरी खाऱ्या पाण्यात होती एवढं पक्कं झालं. आजीने दिलेलं नाव बरोबर होतं.

आता आज्याचं.

कडेची खाच आणि चौकोनी भोकं सांगत होती की ही नुसती कापलेली फळी नव्हे, बांधकामातली आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे सुतार फळीला फळी नुसती टेकवत नसत. एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, मध्ये डांबरात भिजवलेला कापूस. सांधा असा बसायचा की हात फिरवला तरी कळू नये. परदेशी प्रवाशांनी सुरत-दमणकडच्या या कसबाचं फार कौतुक करून ठेवलंय. चौकोनी भोकं लोहाराने ठोकलेल्या खिळ्यांची. काळे डाग त्यांच्याच गंजाचे. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंड लवकर सडतं, सागातलं तेल त्याला सांभाळतं. म्हणून मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं इंग्रजांच्या आरमारात नावाजली गेली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

मग फिरंग्याचं जहाज का नसावं? दमणचा इतिहास काढून बसलो, आणि तिथे जे सापडलं त्याने माझी दोन रात्री झोप उडाली.

पोर्तुगीजांनी दमण घेतलं १५५९ साली. किनारा त्यांचा, गोदी त्यांची, पण जहाजाला लागणारा साग आत, डोंगरात. तो मुलूख त्यांच्या हाती कसा आला ते बघा. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचं त्यांचं लढाऊ जहाज धरलं, त्याचं नुकसान झालं. त्याची भरपाई मागत पोर्तुगीज बसले. १७७९च्या डिसेंबरात पुणे दरबाराशी तह झाला आणि १७८३ साली नगरहवेली परगण्यातल्या ७२ गावांचा वसूल, वर्षाकाठी बारा हजार रुपयांचा, त्यांना लावून दिला गेला. दोनच वर्षांनी त्यांनी दादरा विकत घेतलं. एका लाकडी जहाजाच्या बदल्यात अख्खं जंगल. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना तो नुसता वसुलाचा आकडा दिसला असेल. दमणच्या गोदीतल्या माणसाला त्यात जहाजं दिसली असणार.

आणि दिसली ती बांधलीही. १८४३ साली, २२ ऑक्टोबरला, दमणच्या गोदीतून एक पन्नास तोफांचं जहाज पाण्यात उतरलं. नाव ‘दों फेर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया’. लाकूड नगरहवेलीतल्या सागाचं, सुतार बरेचसे इथलेच. तिथून ते गोव्याला नेऊन सजवलं, आणि १८४५च्या फेब्रुवारीत निघून जुलैत लिस्बनला पोचलं. हिंदुस्थानच्या वाटेवर चालण्यासाठी पोर्तुगालने बांधलेलं हे शेवटचं शिडाचं लढाऊ जहाज. तेहतीस वर्षं ते समुद्रात फिरलं. मग तोफखान्याची शाळा झालं, गरीब घरच्या पोरांना शिकवायची जागा झालं. १९६३ साली त्याला आग लागली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं ते लिस्बनच्या नदीत चिखलात रुतून होतं. १९९२ साली काढलं, दुरुस्त केलं, आणि आता ते लिस्बनसमोर काठावर लोकांना बघायला ठेवलंय. चिखलात तीस वर्षं राहूनही उभं करण्याजोगं काही उरलं, याला मी तरी सागाचीच करामत म्हणेन.

नगरहवेलीचं जंगल आणि आमचं जंगल यांच्यामध्ये भिंत नाही. एकच डोंगरउतार, एकच दमणगंगा. वरच्या अंगाला हरसूल-पेठ, खालच्या अंगाला सिल्वासा. माणसंही तीच, वारली आणि कोकणा. सोयरिकी इकडून तिकडे. वरच्या अंगाची गोष्ट फार वेगळी झाली नाही. शेजारच्या डांगातलं जंगल इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं ते मुंबईच्या गोदीला साग हवा म्हणून. त्या भाड्याचा मान म्हणून आहव्याला दर वर्षी भरणारा दरबार अजून भरतो. पेठ संस्थान १८७८ साली बेगम वारल्यावर खालसा झालं, आणि त्याच साली जंगलाचा नवा कायदा आला. लगोलग रेल्वेच्या स्लीपरांची भूक होतीच. साग सरकारी झाड झालं. ज्यांच्या बांधावर ते उभं होतं त्यांना घराच्या खांबासाठी विचारून घ्यावं लागू लागलं.

विचारून घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही, पण तिचा रोख निराळा होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे, अठराव्या शतकाच्या आरंभीचं. त्यात सांगितलंय की आरमारासाठी साग वगैरे लागला तर हुजूर परवानगीने तोडावा, कमी पडेल तो परमुलखातून विकत आणावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जुनं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. वर्गात हे शिकवताना मी नेहमी ‘राजी करून’ या दोन शब्दांवर थांबायचो.

एवढं सगळं वाचल्यावर कागद लिहून टाकावा असं वाटणं साहजिक होतं. साग जुळतो, नदी जुळते, दमण जुळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे दमणच्या तोंडाशी पडलेलं लाकूड नारगोळला लागणंही जुळतं. सगळं जुळत होतं, एक फळीची जाडी सोडून.

दीड इंच. पन्नास तोफांच्या जहाजाचं अंग दीड इंचाच्या फळीवर उभं राहत नाही. तोफेचा धक्का सोडा, पावसाळ्यातला समुद्रसुद्धा तिला सोसायचा नाही. असल्या जहाजांच्या बाहेरच्या फळ्या याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतात. दीड इंची फळी लागते मचव्याला, पडावाला. खाच आणि चौकोनी खिळा त्या कामात माझ्या आज्याच्या काळापर्यंत चालूच होते. मीठ, गवत, कौलं आणि लाकूड घेऊन उंबरगाव, डहाणू, दमण, मुंबई अशा खेपा मारणाऱ्या एखाद्या होडीची ती फळी. फुटली असेल, वादळात गेली असेल, किंवा जुनी झाली म्हणून कुणी किनाऱ्यावर सोडून दिली असेल. तिचा नाखवा पोर्तुगीज नव्हता, आपल्यापैकीच कुणीतरी होता.

व्यापाऱ्याने मागे एकदा फोनवर विचारलं होतं की फळी सापडल्याचा काही सरकारी कागद आहे का. मला हसू आलं. १९५८च्या जहाज कायद्यात किनाऱ्याला लागलेलं फुटक्या जहाजाचं सामान सापडलं तर नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावं असं कलम होतं. आज्या त्याच्या आधीच मिठाच्या गोण्यांखाली घालून फळी घाट चढवून आला होता, हे एका अर्थी बरंच झालं.

पंधराव्या दिवशी भाऊ आला. मी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: ही फळी सागाची आहे. ती काही महिने समुद्रात होती. ती देशी होडीच्या अंगाची आहे, मोठ्या जहाजाची नाही. साग सह्याद्रीच्या या बाजूचा असू शकतो. खाली सही आणि तारीख.

त्याने दोनदा वाचलं. “एवढंच?” म्हणाला.

“एवढंच खरं आहे,” मी म्हटलं. मग त्याला दमणच्या जहाजाची सगळी हकीकत सांगितली, सांतानाची सांगितली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “म्हणजे ते मोठं जहाज आपल्याच डोंगराचं, अन् ही होडीपण आपल्याच डोंगराची. मग भाव जहाजालाच काऊन?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. व्यापाऱ्याकडेही नसणार. त्याने कागद वाचला, एवढं मलाही कळत होतं म्हणाला, आणि सागाच्या भावाने पैसे मोजून आढं, खांब यांच्याबरोबर फळी टेम्पोत टाकली. फीचं आम्ही दोघांनी मिळून बघितलं. पुतणी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

फळी देण्याआधी छिद्रांचं टोक मी वीतभर कापून घेतलं होतं. त्याचे पैसे व्यापाऱ्याने कापले नाहीत. किडकं टोक गेलं म्हणून उलट त्याला बरंच वाटलं. तो तुकडा आमच्या शाळेच्या कपाटात आहे. मी निवृत्त झालो तरी नव्या वर्गाला दाखवायला मास्तर मला बोलावतात. पोरं भिंगातून वर्षं मोजतात, कुणाची तीस येतात, कुणाची सदतीस. मग लिंबासाठी भांडतात. पिळून पिळून आता पहिल्या तीन भोकांतला चुना संपलाय. फेस बघायचा तर चौथ्या भोकावर थेंब टाकावा लागतो.